वेंडेलच्या ठिपक्याला फुटलेली शेपटी

वेंडेल ब्रेक्के हा गृहस्थ गेली तीस वर्षं विस्कॉन्सिनमधल्या आपल्या जिल्ह्यात लोकांच्या वस्तूंना खोटं ठरवत आला होता. त्यात त्याचा दोष नव्हता, त्याला पगारच त्याचा होता. वजनमापं खात्याचा तो निरीक्षक. पेट्रोलपंप, खाटकांचे काटे, चीजवाल्यांचे तराजू, सगळे त्याच्या नजरेखालून जायचे. माप बरोबर असलं की हिरवा शिक्का, चुकलं की लाल चिठ्ठी. तीस वर्षांत वेंडेलची लाल चिठ्ठी चुकीची ठरल्याचं एकही उदाहरण नव्हतं, आणि हे तो विचारलं नाही तरी सांगायचा.

असा माणूस सलग दोन वर्षं, साठ पावलांवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडतो आणि हरीण निवांत चालत निघून जातं, याचा अर्थ काय? अर्थ उघड होता. रायफलीचा नेम धरायचा दाणा सदोष होता.

आता तिकडच्या रिवाजाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. नोव्हेंबरात नऊ दिवस शिकारीचा हंगाम. त्या नऊ दिवसांत जंगलातल्या लाकडी झोपडीत, म्हणजे कॅम्पवर, ज्याची गोळी चुकेल त्याच्या अंगातल्या शर्टाच्या मागच्या टोकाची पट्टी त्याच संध्याकाळी कात्रीनं कापायची आणि नाव-साल लिहून भिंतीला ठोकायची. वेंडेलच्या वडिलांनी कॅम्प बांधला तेव्हा यात स्वतःची भर घातली होती. दाराच्या चौकटीवर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं कलम अजून वाचता येत होतं: सलग तीन वर्षं गोळी चुकून ज्याची पट्टी लागेल, त्यानं मचाण सोडावं आणि पळी घ्यावी.

पळी म्हणजे स्वयंपाकाची. हे कलम नुसतं धमकावण्यापुरतं होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हार्लनकडे बघावं. हार्लन हा वेंडेलचा शेजारी, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा. तीन पट्ट्या लागून बावीस वर्षांपूर्वी त्याच्या हातात पळी आली होती आणि तेव्हापासून तो कॅम्पवर कांदे चिरत होता.

वेंडेलच्या नावाच्या दोन पट्ट्या भिंतीवर होत्या. दुसरी तर डोरीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वाढदिवसाला दिलेल्या कोऱ्या लोकरी शर्टाची होती. कापली कुणी? रॉयसनं. रॉयस हा डोरीनचा धाकटा भाऊ. त्याचं मचाण दलदलीच्या कडेला. अकरा वर्षं तो ओल्या मोज्यांनी बसत होता आणि अकरा वर्षं त्याचा डोळा वेंडेलच्या मचाणावर होता. ते मचाण टेकाडावर, ओकच्या झाडांत, वडिलांनी स्वतः बांधलेलं. वेंडेलनं तिसऱ्यांदा गोळी चुकवली की ते रॉयसकडे जाणार, हे न बोलता ठरलेलं होतं. रॉयस मात्र ते बोलून दाखवायचा.

"वेंडेल, मचाणावर उशी लागते का रे? की फळी बरी आहे? नाही, आपलं माहिती असावं म्हणून विचारलं."

सप्टेंबरात डोरीन म्हणाली, "डोळे तपासून घे."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे? परवाच पंपाच्या मापात अर्ध्या चमच्याची चूक पकडली मी."

"ती यंत्रानं पकडली. काल कॉफीत मीठ घातलंस ते कुणी पकडलं?"

"बरण्या सारख्या आहेत."

"एकीवर निळं फूल आहे, वेंडेल. बशीएवढं."

वेंडेलनं विषय संपवला. म्हणजे तो उठून गॅरेजमध्ये गेला. तिथं त्यानं निर्णय घेतला, की दाणा बदलायचा. आजकाल रायफलीवर लावायला एक भिंगाची नळकांडी मिळते. तिच्यातून पाहिलं की समोर लाल ठिपका दिसतो. ठिपका हरणावर ठेवायचा, की झालं. पुढचा दाणा, मागची खाच, दोन्ही एका रेषेत, ही कटकट नाही. फक्त ती स्वस्तातली हवी, कारण त्याच महिन्यात घरची पाणी तापवायची टाकी फुटली होती आणि डोरीननं "शंभर डॉलरच्या वर गेलास तर त्याच नळकांडीतून जेवण शोधशील" असं बजावलं होतं.

शुक्रवारी रात्रीच्या मासळीच्या जेवणाला गाव लोटतं. तिथं वेंडेलनं हा विषय काढला, ही त्याची पहिली चूक. लाल ठिपक्याविषयी ज्याला मत नाही असा माणूस त्या खाणावळीत सापडेना. वाढपी बाईनंसुद्धा, ताटल्या चार आणि मतं पाच, अशी सेवा केली. एक म्हणाला बॅटरीवाला नको, थंडीत मरतो. दुसरा म्हणाला बॅटरीशिवाय ठिपका काय मेणबत्तीवर पेटतो? हार्लन म्हणाला, "काहीही घ्या, बसवून मी देतो. माझ्याकडे सगळे पाने आहेत."

रॉयस खाण्याच्या यादीचा कागद हात लांब करकरून वाचत होता. तो न बघताच म्हणाला, "घ्यायचा तर स्वीडनचा घे. सहाशे डॉलर. नेम ही काय चिल्लर खर्चायची जागा आहे का?"

"तुझा किती हजाराचा आहे?"

"मला लागतच नाही. माझे डोळे ससाण्याचे."

एवढ्यात रॉयसपुढे तळलेल्या माशाऐवजी कांदा घातलेल्या कलेजीची ताटली आली. त्यानं कागदावर बोट ठेवून मागवली होती तीच. तो क्षणभर ताटलीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "हेच हवं होतं मला," आणि शेवटच्या घासापर्यंत दुःखानं खाल्लं. वेंडेलनं हे पाहिलं, पण त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. माणूस कचेरीच्या वेळेबाहेर निष्कर्ष काढत नसतो.

महामार्गावरच्या शेतीसामानाच्या दुकानातून त्यानं एकोणपन्नास डॉलरची नळकांडी आणली. घरी येऊन आत पाहिलं, तर ठिपकाच नाही. अंधारात पाहिलं, उजेडात पाहिलं, डावा डोळा, उजवा डोळा. नाहीच. तो तसाच गाडीत बसून परत गेला.

परतीच्या खिडकीवर पॅम असायची. पन्नाशीची, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि तुटकी मशागतयंत्रं परत आणणाऱ्या माणसांना आयुष्यभर ऐकून घेतल्यामुळे आलेला साध्वीसारखा चेहरा.

"सदोष माल," वेंडेल म्हणाला. हे दोन शब्द त्याला फार छान उच्चारता यायचे.

पॅमनं नळकांडीचं झाकण फिरवलं, बॅटरीखालची पारदर्शक पट्टी चिमटीत धरून ओढली, झाकण लावलं आणि नळकांडी परत दिली.

"आता बघा, वेंडेलसाहेब."

ठिपका होता. मागं रांगेत कुणीतरी खोकलं. खोकला होता की हसू, याचा वेंडेलनं घरापर्यंत विचार केला.

हार्लननं ती बसवायला दीड दिवस घेतला. एक स्क्रू मोडला, एक गॅरेजच्या गटारात गेला, तिसरा वॉशिंग मशीनचा लावला. शेवटी रायफल हातात देऊन तो अभिमानानं म्हणाला, "भूकंप झाला तरी हलणार नाही." खरंच हलली नाही. फक्त नळकांडी उलटी बसली होती, शिकाऱ्याकडचं तोंड हरणाकडे. ती सुलटी करायला आणखी एक दिवस आणि वॉशिंग मशीनचा दुसरा स्क्रू गेला. डोरीन आठवडाभर कपडे बहिणीकडे धुवायला नेत होती. टोपली नेताना ती मुद्दाम गॅरेजवरून जायची.

मग वेंडेलनं खांद्याला रायफल लावली, ठिपक्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ठिपका गोल नव्हता. त्याला शेपटी होती. पुस्तकात स्वल्पविराम असतो तसा, डोकं वर आणि शेपटी उजवीकडे खाली.

"हार्लन, हे बघा."

हार्लननं पाहिलं. "गोल आहे की."

"तुम्हाला मोतीबिंदू आहे."

"होता. एप्रिलमध्ये काढला. आता मला तुमच्या पन्हाळीतली पानंसुद्धा मोजता येतात. काढा ती, गारठ्यात पन्हाळ फुटेल."

डोरीनला बोलावलं. ती पीठ भरल्या हातांनी आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "गोल." वेंडेल म्हणाला, "तुला या गोष्टींची सवय नाही." डोरीन म्हणाली, "गोल ओळखायची? तीस वर्षं बिस्किटं करते मी." आणि आत गेली.

दोन साक्षीदार विरुद्ध होते. पण तीस वर्षांत वेंडेलनं साक्षीदारांवर कधी विश्वास ठेवला नव्हता. प्रत्येक दुकानदार शपथेवर सांगतो की काटा बरोबर आहे. तो परत पॅमकडे गेला. परतीच्या कागदावर 'कारण' या रकान्यात त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: "ठिपका सदोष. आकार स्वल्पविरामासारखा. शेपटी उजवीकडे खाली." पॅमनं बदलून दुसरी दिली. तिच्यात द्राक्षांचा घड निघाला. तीही परत. मग मन घट्ट करून त्यानं दुसऱ्या कंपनीची एकोणनव्वद डॉलरची घेतली. तिच्यात चांदणी होती, एक टोक लांब.

ही परत करताना दुकानाच्या संगणकानं हात वर केले. पॅमनं पडदा त्याच्याकडे वळवला. त्याचं नाव लाल अक्षरांत आलं होतं, वारंवार माल परत करणाऱ्यांच्या यादीत. ओळखपत्र दाखवा, व्यवस्थापकाची सही आणा, वाहन परवान्याची प्रत जोडा. यादीत त्याच्या वरचं नाव एका माणसाचं होतं, जो दर वसंतात बर्फ फेकायचं यंत्र "नको झालं" म्हणून परत आणायचा.

"मी सरकारी अधिकारी आहे," वेंडेल म्हणाला.

"ते खाली लिहायला जागा आहे," पॅम म्हणाली.

सरकारी माणसाला फॉर्मनं जखमी करणं म्हणजे सापाला साप चावण्यासारखं. पण फॉर्म चांगला होता, हे त्याला मान्य करावं लागलं. तीन प्रती होत्या. त्यानं त्या भरल्या आणि तिसऱ्या कंपनीची पंच्याण्णव डॉलरची नळकांडी घेऊन तो बाहेर पडला. दाराशी एका टेबलावर परत आलेला माल निम्म्या किमतीत मांडला होता. त्याच्या तिन्ही नळकांड्या तिथं होत्या, त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. वेंडेलनं मान वळवली. असला माल कोण घेणार?

हंगामाच्या आधीच्या रविवारी गावच्या शिकार मंडळाचा नेम लावायचा दिवस असतो. पाच डॉलर भरायचे, आपल्या रांगेतून आपल्या लक्ष्यावर गोळ्या मारायच्या, मंडळी दुर्बिणीतून पाहून सांगतात कुठं लागली, आणि वर सॉसेज विकतात. वेंडेलला तीन नंबरची रांग मिळाली. नव्या नळकांडीतला ठिपका आता धूमकेतूसारखा होता. मोठा प्रश्न उभा राहिला: नेम धूमकेतूच्या डोक्यानं धरायचा की शेपटीनं? नळकांडीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात, अकरा भाषांत, याचा कुठंही उल्लेख नव्हता. त्यानं विचार करून पहिल्या गोळीला डोकं वापरलं, दुसरीला शेपटी, आणि तिसरीला निःपक्षपातीपणे मध्य.

कर्ण्यातून आवाज आला. "तीन नंबरच्या गृहस्थांना विनंती, गोळ्या तीन नंबरच्याच लक्ष्यावर माराव्यात. चार नंबरच्या मॅडमच्या कागदावर पाच गोळ्यांत आठ भोकं झाली आहेत. त्या फार खूश आहेत, पण हिशेब लागत नाही."

सॉसेजच्या रांगेत रॉयस उभा होता. त्यानं फक्त हवेत दोन बोटांनी कात्री चालवून दाखवली.

बुधवारी वेंडेल पाचव्यांदा पॅमच्या खिडकीशी उभा राहिला. शनिवारी पहाटे हंगाम सुरू. मागं एक माणूस बर्फयंत्राचा पट्टा घेऊन आणि एक बाई कुत्र्याच्या खाण्याचं पोतं घेऊन उभी होती. पॅमनं चष्मा लावला, जुने तिन्ही कागद काढले आणि खिडकीवर ओळीनं मांडले.

"स्वल्पविराम. शेपटी उजवीकडे खाली," तिनं वाचलं. "द्राक्षांचा घड, झुकलेला कुठं? उजवीकडे खाली. चांदणी, लांब टोक... उजवीकडे खाली. आज काय आहे?"

"धूमकेतू."

"शेपटी?"

वेंडेलनं ओळीतल्या कागदांकडे पाहिलं. "उजवीकडे खाली."

"तीन कंपन्या, चार डबे, आणि शेपट्या सगळ्यांच्या एकाच घरच्या." पॅमनं नळकांडी चालू केली, खालची बाजू वर केली आणि त्याच्या डोळ्यासमोर धरली. "उलटी धरली आहे. आता शेपटी कुठं आहे?"

वेंडेलनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजवीकडे खाली," तो म्हणाला, पण आता आवाज पंपावरच्या निरीक्षकाचा नव्हता.

"आडवी धरते. आता?"

"तिथंच."

"वेंडेलसाहेब, सोळा वर्षांपूर्वी मी चीजच्या दुकानात होते, नदीपलीकडच्या. आठवतं? तुम्ही माझ्या तराजूला लाल चिठ्ठी लावलीत. मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, बाई, रडून काटा सुधारत नाही. चूक कुठं आहे ते बघायचं असेल तर पारडी बदलून बघा. चूक पारड्याबरोबर दुसरीकडे गेली तर पारडं खोटं. जागच्या जागी राहिली तर..."

"तर दांडी खोटी," वेंडेलनं वाक्य पुरं केलं. ते वाक्य तो दुकानदारांना आठवड्यातून चारदा ऐकवायचा.

"मी पारडी बदलली, साहेब," पॅम हळूच म्हणाली.

"बघू बघू," म्हणत बर्फयंत्राच्या पट्ट्याचा माणूस पुढं झाला आणि डोळा लावून म्हणाला, "गोल आहे." बाईनं पोतं खाली ठेवलं. "अगदी गोल. गोड आहे." एवढं होईपर्यंत रांग सात माणसांची झाली होती आणि सातही जणांनी पाहिलं. तीस वर्षं अंगण वाकडं म्हणून ज्यानं लोकांच्या अंगणांना दंड केले, त्याच्या पायाखालचं अंगण त्या दिवशी सात माणसांनी मोजून सरळ ठरवलं.

"ठेवतो मी ही," वेंडेल म्हणाला.

"मग कागद फाडू?"

"कागद फाडायचा नसतो," वेंडेल म्हणाला. उरलीसुरली प्रतिष्ठा त्यानं या वाक्यात गोळा केली. "आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा. मी सही करतो."

घरी डोरीननं त्याचा चेहरा पाहिला आणि सूप ढवळत म्हणाली, "उद्या चार वाजता."

"काय उद्या चार वाजता?"

"डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. सप्टेंबरातच नंबर लावलाय. हंगामाच्या तोंडावर अख्ख्या जिल्ह्याला डोळे आठवतात, मग डिसेंबरशिवाय नंबर मिळत नाही."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तू हो म्हणशील म्हणून मी आजवर कधी थांबले आहे?"

दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "डोरीनबाईंनी दोन नंबर लावले आहेत. चार आणि साडेचार." वेंडेलनं मान हलवली. त्यानं तर्क केला, की एका डोळ्याला एक. आपलं प्रकरण बरंच गंभीर असावं. पण डॉक्टरीणबाईंनी चारच्याच नंबरात दोन्ही उरकले. डोळ्याचा पुढचा भाग चेंडूसारखा गोल हवा, तुमचा लिंबासारखा आहे, म्हणून प्रकाशाचा ठिपका ओढल्यासारखा दिसतो, त्या म्हणाल्या. वयानं दोष वाढलाय, काळजीचं काही नाही.

"नियमात किती फरक चालतो?" वेंडेलनं विचारलं.

"कशात?"

"म्हणजे, हिरवा शिक्का किती फरकापर्यंत?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि चष्म्याची चिठ्ठी लिहिली. ती पांढऱ्या कागदावर होती, पण वेंडेलला लालच दिसली. शेजारच्या दुकानात तासाभरात चष्मा तयार झाला. साडेचारच्या नंबराची खुर्ची रिकामीच राहिली.

शुक्रवारी तो कॅम्पवर गेला तेव्हा चष्मा खिशात होता, डबीत, डबी मोज्यात. हार्लन सूप करत होता. रॉयस आनंदात होता. त्यानं रायफल पुढं केली. वर एक नळकांडी बसवली होती.

"घेतली की मीसुद्धा. निम्म्या किमतीत! दाराजवळच्या टेबलावरून. कुणी मूर्ख परत करून गेला होता." त्यानं खिशातून चिठ्ठी काढून सगळ्यांदेखत वाचायला हात लांब केला. "कारण... हार्लन, तूच वाच, उजेड कमी आहे."

हार्लननं वाचलं, "ठिपका सदोष. आकार स्वल्पविरामासारखा," आणि अक्षर ओळखून त्यानं सुपात पळी बुडवली.

"मला चालेल!" रॉयस म्हणाला. "उद्या गोळी चुकली ना, वेंडेल, की उशी मीच घेऊन येईन."

शनिवारी उजाडायच्या आत वेंडेल वडिलांच्या मचाणावर चढला. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून त्यानं चष्मा लावला, आणि मग जे झालं त्याची त्याला कल्पना नव्हती. उजाडत गेलं तशी ओकची पानं सुटी सुटी झाली. बरीच वर्षं त्याच्यासाठी ओकचं झाड म्हणजे एक तपकिरी ढग होता. आता पानाला कड होती, कडेला दहिवर होतं. टेकाडाखालच्या फांदीवर इवलासा पक्षी उलटा लटकून किडा ओढत होता, आणि वेंडेलला किड्याचे पायसुद्धा दिसले. अर्धा तास तो शिकार विसरून बसला.

तेवढ्यात तो आला. दहा टोकांच्या शिंगांचा नर, छाती काढून, चाळीस पावलांवर. वेंडेलनं रायफल खांद्याला लावली आणि नळकांडीत पाहिलं.

ठिपका गोल होता.

इतका गोल, की वेंडेलनं तो काठाकाठानं तपासला. कुठं शेपटी नाही, चांदणी नाही. खात्यातल्या पितळी प्रमाण वजनाचा वरून दिसतो तसा, स्वच्छ, काठ धरलेला गोल. तीस वर्षांत त्यानं पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीला एवढा निर्विवाद हिरवा शिक्का देता आला नसता. तो ठिपका पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की ठिपक्यामागं आता फक्त ओकचं खोड आहे. हरीण ठिपक्यातून चालत बाहेर गेलं होतं, उतारानं, दलदलीच्या बाजूला.

दोन मिनिटांनी दलदलीकडून एक बार झाला. आणि त्यानंतर, लांबवर ऐकू जाईल अशी, रॉयसची एक लांबलचक शिवी.

संध्याकाळी कॅम्पवर खटला चालला.

"पट्टी लागत नाही!" रॉयस शर्ट दोन्ही हातांनी मागून धरून भिंतीला टेकला होता. "माल सदोष आहे. ठिपक्याला शेपटी आहे. वेंडेलनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, खाली त्याची सही आहे, आज उजेडात वाचली मी. सरकारी माणसाचा दाखला आहे माझ्याकडे!"

"तुमचं काय, वेंडेल?" हार्लननं विचारलं. "तुमच्याकडून बार ऐकू आला नाही."

"झाडलीच नाही."

"म्हणजे तीही चूकच!" रॉयस ओरडला.

वेंडेलनं दाराच्या चौकटीकडे बोट केलं. "कलम वाच. गोळी चुकली तर पट्टी. न झाडलेली गोळी चुकत नाही."

हार्लननं मान डोलावली. वडिलांच्या अक्षरापुढं कुणाचं चालत नव्हतं. मग सगळे वेंडेलकडे पाहू लागले. माल सदोष आहे की नाही, हे ठरवणारा जिल्ह्यात एकच माणूस होता आणि चिठ्ठीवर सहीही त्याचीच होती. वेंडेलला दिसत होतं, की नुसतं "हो, सदोष" म्हटलं तर रॉयसचा शर्ट वाचेल आणि आपली लाज झाकलेली राहील. खरं सांगायचं तर खिशातल्या मोज्यातून डबी काढावी लागेल, आणि तीही रॉयससमोर.

तीस वर्षांचा पगार आडवा आला. त्यानं डबी काढली, चष्मा लावला. रॉयसनं "अरे वा, आजोबा!" म्हटलं, ते त्यानं ऐकून घेतलं. रॉयसची रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासलं आणि नळकांडीत पाहिलं.

"गोल आहे. माझी चिठ्ठी चूक होती," तो म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं, आणि आश्चर्य म्हणजे छप्पर जागेवरच राहिलं.

"खोटं! शेपटी आहे त्याला, डावीकडे वर!"

"डावीकडे वर?" वेंडेलनं विचारलं. "माझी उजवीकडे खाली होती. ये इकडे. रायफल मी धरतो, तू फक्त बघ. दिसली शेपटी? आता डोकं खांद्याकडे वाकव. आणखी. शेपटी कुठं गेली?"

रॉयस वाकलेल्या मानेनं तसाच राहिला. दुसऱ्या खांद्याकडे वाकून पाहिलं. परत पहिल्या. 

"डोक्याबरोबर फिरते आहे," तो शेवटी म्हणाला.

"पारडी बदलली आपण," वेंडेल म्हणाला, आणि खिशातून हिरवा शिक्का काढून नळकांडीवर चिकटवला. ही आयुष्यातली त्याची पहिली अधिकाराबाहेरची कृती.

कात्री हार्लननं चालवली. बावीस वर्षं त्याला कुणी ती दिली नव्हती, त्यामुळे त्यानं पट्टी जरा मोठीच घेतली. मग त्यानं रॉयसपुढं कांदा घातलेल्या कलेजीची ताटली ठेवली. "तुझी आवडती."

वेंडेल पट्टीखाली साल लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा हात थांबला.

"रॉयस, परवा गुरुवारी साडेचारला तू कुठं होतास?"

"घरी. का?"

"डोरीनचा फोन आला होता तुला?"

"तीनदा. पन्हाळीतली पानं काढायला बोलावत असणार, म्हणून मी उचललाच नाही."

वेंडेल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हसण्यानं त्याचे खांदे हलत होते. आपण दुसऱ्या डोळ्याचा नंबर फुकट घालवला म्हणून दोन दिवस त्याला जी टोचणी लागली होती, ती आत्ता कुठं गेली.

"काय झालं रे एवढं?" रॉयस म्हणाला.

"काही नाही. जेव तू. डॉक्टरीणबाईंचा पुढचा नंबर डिसेंबरात मिळतो."